वजाबाकीची काकडी

मोहर्ली, ८ जुलै

ती. बाईस,

गोपालचा सा. न. वि. वि. इथी सारे बरे आहो, तुह्या घरची खुशाली कळव. मोठी बहीण असून फोन केला की तू रडाले लागते, म्हणून लिहून राह्यलो.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, साखर लय वाढली. दसऱ्यापर्यंत उतरली नाई तर रोजची सुई. माह्या सफारी जिप्सीचे मालक अजीमभाई म्हणते, डॉक्टरचा कागद चांगला आला तरच ऑक्टोबरात मुख्य जंगल उघडल्यावर गाडी हाती देईन, तोवर फक्त बाहेरच्या बफर जंगलात फेऱ्या मार. इतक्या वर्षांची ड्रायव्हरी अशी जाऊ देईन काय मी?

सफारीले आलेल्या पुण्याच्या एका साहेबानं इलाज सांगतला. आदिमानवाचा आहार! शेती नव्हती तवा माणूस जे खाये तेच खायचं. भात, पोळी बंद. मटण, मासोळ्या, कंद, रानमेवा चालू. त्यात मी माह्यी अक्कल लावली. मोबाईलवर पाहिलं, काकडी न् पत्ताकोबी पचवाले जेवढी ताकद लागते तेवढी त्यात नसतेच. म्हणजे खाल्लं की वजाबाकी. आन् मोहाची फुलं तर जंगलातलीच. म्हणून रोज ओंजळभर वाळला मोह खातो, वरून दोन काकड्या, हिशोब साफ. आदिमानव गोळ्या खात नव्हता, तवा त्याही बंद केल्या.

इथला मोह सरला. येणाऱ्याजवळ पायलीभर पाठव. जीव लावतेस तसाच लावत राह्य.

तुहा,
गोपाल

आरमोरी, १५ जुलै

चि. गोपालले अ. उ. आ.

धानाची रोवणी सुरू आहे, हाताचा चिखल धुऊन बसली. आज रडणार नाई, शिव्या देणार आहो.

अगा शहाण्या, मोह गोड नाई तर त्याची दारू होते कशानं? काकडी काय पोटात जाऊन मोह पुसून काढते? आन् तुह्या आदिमानवाले खाण्यासाठी दिवसभर जंगल तुडवावं लागे. खाल्ल्यानं ताकद उलट कमी होईल अशी वस्तू पाहून तो नाचला असता काय? त्याले मास पाहिजे, कंद पाहिजे. पाला-भाजीही खाल्ली असंन त्यानं, आपणही तरोट्याची भाजी खातो, बांबूचे कोवळे कोंब, वास्ते खातो. पोट भरते, बरं वाटते. तशी काकडी खा ना, तुले कोण अडवते? पण ताटाच्या कडेले खा. तिले पाप धुवाले लावू नको.

भात सोडला त्याचाही राग नाई, आम्ही धानवाले असलो तरी. पण गोळ्या काऊन सोडल्या? याच साखरेपायी बाबाचा पाय गुडघ्यापासून कापला तवा तू शाळेत होता. पट्ट्या मी बदलल्या. तो वास अजून नाकातून जात नाई. ते पुन्हा कराले मले जमणार नाई, गोपाल.

मोहाचं एक फूल मिळणार नाई. सुक्या मासोळ्या पाठवल्या. गोळ्या सुरू केल्या, असंच उत्तर आलं पाहिजे. तुह्या पोट्टीच्या, दिव्यानीच्या डोक्यावरून हात फिरव.

तुह्यी बाई,
ज्योत्स्ना

मोहर्ली, ४ ऑगस्ट

ती. बाईस सा. न. वि. वि.

तुह्या पत्राचा राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाई. मोह इथीच विकत घेतला आन् दोनच्या चार काकड्या केल्या. आता लिहाले लाज वाटून राह्यली.

परवा सांजेले बफरची फेरी आटपून पायी घरी आलो. दिव्यानी विचारे, बाबा, एक चप्पल कुठी? खाली पाहिलं तर उजवा पाय उघडा, रक्तानं भरलेला. चप्पल कुठी सुटली, काय रुतलं, मले कायीच समजलं नाई. ठणकासुद्धा नाई. पोट्टी रडाले लागली. आन् बाई, तोच पाय ब्रेकवर असते. मागं सहा माणसं बसतात, लेकरं असतात. ब्रेक दाबला का नाई हेही एखाद दिवशी समजलं नसतं.

सकाळीच अजीमभाईले चाबी देऊन आलो. त्यानं मागतली नव्हती.

डॉक्टर लय बोलला. जखम भरंन म्हणते, वेळेवर आलो. गोळ्या सुरू केल्या. मासोळ्या, दाळ, भाजी, मूठभर भात चालू, मोह बंद. काकडी पाहिजे तेवढी खा म्हणे, पण ती दवा नाई. चाबी मी परत घेणार आहो, डॉक्टरचा कागद दाखवूनच घेणार. तुले वचन देतो.

रागावली असशील तरी आपला म्हण.

तुहा,
गोपाल

आरमोरी, ११ ऑगस्ट

चि. गोपालले अ. उ. आ.

तुहं पत्र पोचलं.

रोवणीत माह्या टाचेत काटा रुतला होता. माह्या सुनेनं, हर्षानं दाखवला तवा दिसला. चिखलात भिजून पाय बधिर झाला असंन म्हटलं आन् सोडून दिलं. तुह्या चपलेचं वाचून दुसऱ्याच दिवशी हर्षाले घेऊन दवाखान्यात गेली. माह्यी साखर तुह्यापेक्षा जास्त निघाली.

हास आता. तुले शिव्या देणारी बाई दिवसातून चारदा गुळाचा चहा पेत होती. गूळ काय करते, मीच साऱ्यांले सांगत होती.

मी घाबरली, खोटं काऊन सांगू? पण घाबरून बसायचं नाई. सकाळची गोळी तू घेतली की मले फोन कर, मी घेतली की तुले करते का नाई पाह्य. झोपायच्या आधी तळपाय दाखवायचे, तू दिव्यानीले, मी हर्षाले. लाजायचं नाई. बाबाच्या लेकरांचे चार पाय आहेत, गोपाल. चारही ठेवायचे.

तुह्यी बाई,
ज्योत्स्ना