म्हशीच्या गिऱ्हाइकाला मामा कोण म्हणतं?

झरी,
मार्च १९९०

आदरणीय दाजी किशनराव यांना धाकटा मेव्हणा मुंजाजी याचा झरीहून दोन्ही हात जोडून नमस्कार. कमलताईला नमस्कार, कुसुमला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. वरचे दात काढल्यापासून हिरड्या तेवढ्या कुरकुर करतात. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पट्टी मात्र अजून सुटायची आहे आणि दुसऱ्या डोळ्याला अक्षर लागत नाही, हे समजलं. डोळा चोळू नका, कापसाच्या धुळीत जाऊ नका, आणि थेंबांच्या बाटलीवर काय लिहिलं आहे ते नीट वाचून घ्या (म्हणजे वाचवून घ्या).

तुमचा हुकूम पोचला. ताडकळसच्या तात्यारावांचा मुलगा बन्सीधर पुण्यात आकाशातलं काहीतरी शिकतो, आणि त्यांच्याकडून कुसुमला मागणी आली आहे. तुमच्या मनात मात्र मानवतचा जिनिंगवाल्यांचा मुलगा. तेव्हा मी कुणाला न कळवता जावं, त्या घराची खोट शोधावी आणि तुम्हाला ठाम नकार देता येईल असं काहीतरी आणावं. हे काम मला सांगितलंत ते योग्यच केलंत. एसटीत चेकर म्हणून माझा जन्म गेला. अजूनही कुणी ताठ उभा दिसला की वाटतं, तिकीट नसल्यामुळेच हा इतका ताठ उभा आहे. (बायको म्हणते, म्हणून आपल्याकडे पाहुणे टिकत नाहीत. ती आणखीही काही म्हणत असणार, पण लपवते.)

बाजाराच्या दिवशी ताडकळसला उतरलो आणि म्हैस बघायला आलेलं गिऱ्हाईक म्हणून तात्यारावांच्या दारात उभा राहिलो. नाव सांगितलं नाही, गाव खोटं सांगितलं. मुलाची आई धुरपताबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या मामा, हातपाय धुवा. म्हस कुठं पळून चाललीय व्हय?" दाजी, म्हशीच्या गिऱ्हाइकाला मामा कोण म्हणतं? मी मनात खूण करून ठेवली. मग ताटं आली. सगळ्यांना कडक भाकरी आणि मला दुधात कुस्करलेली. "तुमाला चावायला तरास नगं," म्हणाल्या. मी तर आल्यापासून ओठ मिटूनच बोलत होतो! जेवण झालं तरी म्हशीचं नाव कुणी काढेना. शेवटी मीच आठवण केली, तर तात्याराव शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं म्हसच न्हाई."

मग मुलाला गाठलं. दिसायला बरा आहे, पण दिसायला बरे असलेलेच मी जास्त पकडले आहेत. परभणीच्या कॉलेजातून पुण्याला गेला म्हणे. विचारलं, करता काय? तर म्हणाला, आपल्या मोठ्या आकाशगंगेभोवती लहान लहान दीर्घिका फिरतात, थोड्याशा ताऱ्यांच्या, फार अंधुक; त्यांचा अभ्यास करतो. एक फोटो दाखवला. नुसते ठिपके. मी म्हणालो, यात दीर्घिका कुठे? म्हणाला, यातच आहे, पण बरेच तारे वाटेतले, आपल्याच आकाशगंगेचे. ते वगळले की उरेल ती. मी फोटो खिडकीशी नेला, उलटा केला, वासही घेतला. काही नाही. ज्याला आपला माल दाखवता येत नाही त्याला मुलगी कशी द्यायची, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मी म्हशीचं गिऱ्हाईक होतो.

पुढे तर कहर. म्हणे, त्या ताऱ्यांचे वेग मोजले, तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाला ते आवरायचे नाहीत, कधीच पांगायला हवे होते. पण पांगले नाहीत. म्हणजे तिथे न दिसणारं काळं द्रव्य आहे, दिसणाऱ्याच्या कितीतरी पट. इथे मी सावरून बसलो, कारण हे मला कळलं. कंडक्टरच्या हिशेबात अर्धी गाडी रिकामी आणि मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मात्र पार दबलेले दिसले, की मी आत न जाता आधी टपाची शिडी चढायचो. विचारलं, "मग टपावर कोण हाय?" तो हसला. "तेच ठाऊक न्हाई मामा. आमी शोधायलोय." (यानंही मामा!) वर आपणच सांगू लागला, की चूक आमचीही असेल, एखादा तारा जोडीदाराभोवती गरगरत असेल आणि त्याचा वेग आम्हाला फसवत असेल, म्हणून तेच तारे पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचे. दाजी, एवढ्या नोकरीत न मागता आपलं तिकीट दोनदा तपासायला देणारा माणूस मला भेटला नाही. मुलगा मला आवडला. हे लिहिताना त्रास होतो आहे, पण आवडला.

खोट म्हणाल तर एकच. माझं येणं, माझं नातं, माझे दात, सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं. मी बोललो नाही. बायकोला तर परभणीला चाललो म्हणून सांगितलं होतं. तुम्ही बोलणार नाही. म्हणजे न दिसणारं वजन कुठेतरी आहे. जिनिंगवाल्यांना होकार देण्याआधी ते शोधावं, एवढीच विनंती. लोभ आहेच, संशयही असू द्यावा.

तुमचा,
मुंजाजी

ता. क. तुमचा गुप्त हुकूम पुन्हा काढून पाहिला. डोळ्याला पट्टी, म्हणजे मजकूर तुमचा आणि अक्षर कुसुमचं. 'कुणालाही कळू देऊ नये' ही ओळ तिनं फारच ठळक लिहिली आहे. परभणीच्या कॉलेजात बन्सीधर तिच्या दोनच वर्षं पुढे होता, हे आता माझ्या ध्यानात येतं आहे.

आणखी एक. हे पत्रही तुम्हाला तीच वाचून दाखवत असणार. दाजी, पोरगी तुमच्यापुढे बोलायला भिते. मीही भितो, म्हणून एवढं लांबलं. तुम्हाला आत्ता दिसत नाही, ते बरंच आहे. नुसते कान द्या. कुसुम, ताडकळस तुझ्या मनात नसेल तर पुढची ओळ मोठ्यानं वाच: 'बाबा, मला मानवतचाच मुलगा पसंत आहे.'

दाजी, काही ऐकू आलं का?