तळव्याच्या गुदगुल्या

प्रिय राणीसरकार,

मी ठीक आहे. दोन महिन्यांत गोदामातलं काम अंगवळणी पडलंय. आईचा खोकला थांबला का?

तुझी बहीण रोज तुझे पाय तपासते, हे वाचून बरं वाटलं. खरं सांगू? जळफळाट झाला. बारा वर्षं ते काम माझं होतं.

काल ती फोनवर म्हणाली, "भावोजी, ताईच्या टाचेत काच रुतली, तिला पत्ताच नाही! मधुमेहाने तळवे वर्षभरापासून बधिर आहेत म्हणे."

मग मी बोटांमध्ये बघताना गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घ्यायचीस, ते सोंग? मला खोटं हसू आणि तिला खरं सांगणं!

उद्याच डॉक्टरांकडे जा. चप्पल घातल्याशिवाय घरातही फिरू नकोस. तिला बोटांच्या बेचक्याही बघू दे. मी आलो की मात्र तिची सुट्टी.

तुझाच,
रुसलेला