मशीनच्या पायाखालचं पत्र

दि. ४ फेब्रुवारी

चि. फटफटीवाल्यास आजीचे अनेक आशीर्वाद.

हात खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरचा, तोंड माझं. तो मधूनमधून मान हलवतोय, तिकडे लक्ष देऊ नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून हे पत्र.

तुझ्या गाडीची मागची पेटी निखळली, मागून येणाऱ्या बाई सायकलसकट पडल्या, आणि तू म्हणतोस, मीच नट नीट आवळले नसतील. नट नाही रे. गाडीच्या कागदांवर पत्ता माझा, म्हणून महिन्यापूर्वी गाडीच्या कंपनीचं पत्र माझ्याकडे आलं. कंपाउंडरनं वाचून दाखवलं: पेटी धरून ठेवणारी ब्रॅकेट तडकू शकते, फुकट बदलून देऊ, तोवर पेटी लावू नका. मी त्याची घडी घालून शिलाई मशीनच्या आखूड पायाखाली सरकवली आणि कुणाला सांगायचं नाही, अशी कंपाउंडरला शपथ घातली.

पेटी नाही म्हणजे माझे अभ्रे दुकानात न्यायला तू रविवारी येणार नाहीस. मला अक्षर कळत नाही, पण एवढं कळत होतं.

शिव्या लेखीच घाल. कंपाउंडर मोठ्यानं वाचेल, जिन्यालाही कळेल.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.
आजी (अंगठा)

दि. ९ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

शिव्या घालायला मला तोंड नाही. तोच मेसेज त्याच आठवड्यात माझ्या फोनवर आला होता. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, पार्ट यायला दीड महिना, पेटी काढून ठेवा. मी पेटी तशीच ठेवून वरून दोरी बांधली. आजी वाट बघत असेल, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे रविवार एकट्यानं काढणं मलाच जमत नाही.

त्या बाई केस कापतात. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, दुकानाला कुलूप. काल भेटलो तर मलाच म्हणाल्या, यंत्राचं काय सांगावं, मनाला लावून घेऊ नका. वर डाव्या हातानं चहा केला. सांगू की गप्प बसू?

तुझा लोभ होता तसाच हवा आहे.
तुझा नातू

दि. १४ फेब्रुवारी

चि. नातवास आशीर्वाद.

सांगायचं. पण आधी मी तुला सांगते, कारण मागच्या पत्रात लपवलं होतं. दोरी मी पाहिली होती. त्या रविवारी तू गाडी काढत होतास, मी खिडकीत होते. गाठ सैल होती, तीही दिसली. जन्मभर दोरा हाताळलेल्या बाईला गाठ कळते. हाक मारली असती तर तू पेटी उतरवली असतीस, आणि मग पुढचा रविवार गेला असता. कंपाउंडरचा हात थांबलाय. लिही म्हटलं बाबा, हेच तर लिहायचंय.

रविवारी बसनं ये, मला त्या बाईंकडे घेऊन चल. आधी मी बोलेन. म्हातारीवर ओरडायला लोक लाजतात. लाजू नका, असंही त्यांना सांगेन.

कंपनीचं पत्र मी काढून पिशवीत ठेवलंय. मशीन डुगडुगतंय. खाली दुसरं काही सरकवलेलं नाही.

लोभाचं त्यांच्या घरून परतल्यावर बोलू.
आजी (अंगठा)