फलाटावरचे पांढरे गोल

चि. धाकटीस,

आशीर्वाद, आणि यंदा जरा जास्तच, कारण मधल्या काळात ते पोचवायला गाड्याच नव्हत्या.

या पत्राने मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: फलाटावरचा तुझा चहाचा स्टॉल या साथीत वाचला तो माझ्या शिस्तीमुळे, किटली सांभाळणाऱ्या तुझ्या मदतनीस मावशींच्या आगाऊपणामुळे नव्हे. मावशी फोनवर याच्या नेमके उलट सांगतील, म्हणून हे लेखी.

तत्पूर्वी प्रकृती. तोंडाची चव परतल्याचे जावईबापूंनी कळवले, जीव भांड्यात पडला. (जिभेची धार कधी गेलीच नव्हती, हे फोनवरून कळत होतेच.) मी ठीक आहे. तू लेकीकडे गेलीस आणि आजारपणाने तिथेच अडकलीस. इकडे जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला तुझा थोरला भाऊ बनपावाच्या काचपेटीमागे बसला, एवढे सोडल्यास माझी तक्रार नाही.

आता मूळ मुद्दा. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण उतारू इतके तुरळक की उकळलेला चहा मावशी आणि मीच एकमेकांना आग्रहाने पाजत असू. शेजारचा पुस्तकवाला तर स्वतःच्याच दुकानातली रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचत होता. (खुनी कोण हे ठाऊक असूनही तो दचकत असे, याला मी आशावाद म्हणतो.) अशात स्टेशनच्या कचेरीतून निरोप आला: तपासनीस येणार, आणि ज्या स्टॉलपुढे गिऱ्हाईक दिसणार नाही त्याची जागा काढून घेणार. तुझा सारा संसार ज्या जागेवर उभा राहिला, ती माझ्या हातून जाणार, या विचाराने माझी झोप उडाली.

मी विचार केला, की लोक चहाला भीत नाहीत, गर्दीला भितात. सबब, गर्दी होणार नाही याची हमी दिसली पाहिजे. म्हणून चुना आणून दोरीने मापून मी फलाटावर उभे राहण्याचे गोल आखले, आणि वर नियमांचा फलक लावला. त्यात प्रत्येक नियमाखाली कारण, आणि कारणाखाली संभाव्य आक्षेपांचे खंडन होते. गाडी आली. लोक उतरले, फलक वाचू लागले. ते दुसऱ्या आक्षेपापर्यंत पोचले तोच शिट्टी झाली आणि सगळे डब्यात परत. मावशी म्हणाल्या, “दादा, चहा विकायचाय का परीक्षा घ्यायचीय?” प्रश्न विषयाला धरून नव्हता, म्हणून मी तो वगळला.

शिवाय मध्ये खांब आल्याने गोलांची रांग वळली (खांब माझ्या आधीपासून तिथे होता, हे मान्य) आणि तिचे शेपूट थेट पुस्तकवाल्याच्या दारात गेले. दुसऱ्या दिवशी तिथे उभे राहिलेले लोक मासिके चाळू लागले. पुढचा गोल रिकामा झाला तरी हलेनात. पुस्तकवाल्याचा चेहरा उजळला. माझी मात्र मती गुंग झाली.

आणि नेमके तेव्हाच तपासनीस आले. खांबापाशी थांबले. प्रत्येक गोलात एक माणूस, प्रत्येकाच्या हातात आपला वाफाळता कप, धक्काबुक्की नाही, आरडाओरड नाही. ते म्हणाले, “काका, अख्ख्या मार्गावर अशी रांग पाहिली नाही हो.” जागा कायम. तसा कागद हाती पडल्यावर मी बाकावर बसून तो तीनदा वाचला, हे फक्त तुला सांगतो. मावशींनी न मागता चहा दिला. साखर जास्त होती. मी तो सगळा प्यालो.

तेव्हा निष्कर्ष उघड आहे. कळावे.

तुझा थोरला

ता. क. घाईने परत येऊ नकोस. आणि आलीस तरी सकाळची पाळी माझ्याकडे राहू दे. घरी मला कोणी उलट उत्तर देत नाही; इथे मावशी देतात. तब्येतीला मानवते.

आणखी ता. क. मावशींनी आत्ताच हे पत्र मोठ्याने वाचून घेतले आणि एक वस्तुस्थिती नोंदवायला लावली. ती रांग चहाची नव्हती, पुस्तकांची होती. तपासनीस जिन्यावर दिसताच मावशींनी किटली उचलली आणि गोलागोलांतून फिरून प्रत्येक वाचणाऱ्याच्या हातात कप खुपसला. फलक तर त्यांनी आदल्या दिवशीच उलटा करून मागे लिहिले होते: चहा गरम आहे.

सबब, या पत्राच्या मुख्य विधानात माझ्याकडून एक चूक झाली आहे: मी आणि मावशी यांच्या जागांची अदलाबदल करून वाचावे. सबंध पत्र नव्याने लिहिले असते, पण गाडी येते आहे आणि कप विसळायचे आहेत.

सही, थोरला