लोखंड लांब ठेवा

१४ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल परीक्षा संपल्या एकदाच्या. दिवसभर उभं राहून पायांत गोळे. घरी येऊन चहाच्या आधी लॅपटॉपवर मॅग्नेटोमीटरचा आलेख उघडला. आजही तेच. सकाळी एक खाच, संध्याकाळी एक खाच, मधली रेघ चांगली. नागपूरहून गाईड सरांचा फोन. हे वरून, अवकाशातून आलेलं नाही, तुमच्या शेतातलं काहीतरी आहे, शोधा. शोधते म्हटलं. मामाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, हा चुंबकक्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर पुरून दोन वर्षं झाली, पीएच.डी.ला सहा. मुदतवाढ जूनपर्यंत, आणि ती शेवटची. आता चिडायचाही कंटाळा येतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
चामोर्शीहून पहिली एसटी, नदीपलीकडे पोंभुर्ण्याच्या बाजूला उतरून मामाच्या गावापर्यंत पायी. चोर सापडले.
पहिला : मामानं हौसेनं पाटी लावली आहे, 'लोखंड लांब ठेवा'. चार लोखंडी खिळे ठोकून! खिळे हलत नाहीत म्हणून खाच पडत नाही, पण हसावं की रडावं. रफिकभाऊंनी (आमच्या गल्लीतलं बॅटरीचं दुकान) शोधून शोधून पितळी स्क्रू दिले होते, ते घरात डब्यात तसेच.
दुसरा, खरा : मामाची कुऱ्हाड. शेळ्या घेऊन जंगलात जातो तो धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून), आणि सेन्सर धुऱ्याला लागूनच. शेळ्या तिथं रेंगाळतात, मामा कुऱ्हाड खांद्यावर टाकून विडी संपेपर्यंत उभा. ती खाच मी शोधते आहे त्या लाटेएवढीच रुंद. आलेखातून कापायला गेलं तर लाटही जाते.
कुऱ्हाड सेन्सरच्या अलीकडच्या मोहाच्या झाडाखाली ठेवून पुढं जाल का, विचारलं. लगेच हो म्हणाला. मामी भात वाढत होती. तिनं कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडे एकदा बघितलं.

२ मार्च
रेघ स्वच्छ. सर खूश. आता फक्त सूर्यावरून एक चांगला दणका यायला हवा.
मामाचा फोन. मशीन शोधते तरी काय, हे दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. सांगितलं, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला बाहेर एक शीव असते, खूप वर. सूर्याचा वारा तिच्यावर येऊन आदळतो. धक्का जोराचा असला की ती आत दबते, परत बाहेर येते, असे सावकाश हेलकावे, एकेक आठ-दहा मिनिटांचा. इथपर्यंत फार क्षीण होऊन पोचतात.
"म्हणजे डफावर थाप पडते तिकडं, अन् तू इथी जमिनीले कान लावून बसली."
हो म्हटलं. कान दुखायला लागला आता.

११ मार्च
मोहाची फुलं पडायला लागली. पलीकडच्या गावात पहाटे वेचायला गेलेल्या बाईला वाघानं मारलं. स्टाफरूममध्ये दिवसभर तेच. संध्याकाळी मामीचा फोन. ती स्वतःहून कधी करत नाही.
"तुह्या मामाले तूच सांग. माहं ऐकत नाई. कुऱ्हाड मोहाखाली ठेवते अन् काठी घेऊन जंगलात जाते. पोरीचं मशीन खराब होते म्हणते."
मोहाच्या पुढे सेन्सर, आणि तिथंच शेत संपून जंगल लागतं. मला माहीत नव्हतं असं नाही. विचारच केला नव्हता. रेघ स्वच्छ झाली म्हणून त्या दिवशी मी शेवयांची खीर केली होती.

१२ मार्च
मामाला फोन. कुऱ्हाड न्या म्हटलं. "एवढे दिवस सांभाळलं. आता तुह्या टायमाले खराब करू काय?" दुसरी वाट नाल्याची, तिथं झुडूप दाट, ती आणखी वाईट. सेन्सर हलवू का, सरांना विचारलं. हलवला तर जुनी मोजणी नवीशी जुळणार नाही, मग जून विसरा.
बाबा गेल्यावर या माणसाच्या घरी राहून दहावी केली. सेन्सर पुरायला कुणी जागा देईना तेव्हा यानंच बांधी दिली. शेवटी मी फोनवर रडले. घाबरला. बरं बरं, नेतो म्हणाला.
कुऱ्हाडीनं वाघ थांबतो असं नाही. तरी रिकाम्या हातानं गेलेला माणूस...

२० मार्च
दोन्ही खाचा परत आल्या. सकाळची दिसली की कॉलेजला निघते. संध्याकाळची दिसली की भाजी चिरायला घेते. परवा संध्याकाळची फार उशिरा उमटली, तोवर कांदा हातात धरून बसले होते. वाटेत शेळी व्याली म्हणे.
सरांना हे सांगण्यात अर्थ नाही. त्यांना खाच म्हणजे कचरा.

२९ मार्च
सरांचा फोन. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा मोठा ढग सुटलाय, उद्या पोचेल. उद्या शेतात कुणी यायला नको. सांगते म्हटलं.
फोन हातात घेतला आणि ठेवला. घरी राहा म्हटलं तर हो म्हणेल आणि राहणार नाही, शेळ्यांना पाला लागतो. कुऱ्हाड तेवढी ठेवून जाईल. ओळखते मी त्याला. नाहीच सांगितलं.

३० मार्च
धक्का आला, दुपार कलल्यावर. मग लाटा. पहिली मोठी, दुसरी, तिसरी, चौथी विरत गेलेली. नेमका तेव्हा उपग्रह शिवेजवळून जात होता, त्यालाही शीव हलताना दिसली. सहा वर्षं याच्यासाठी घासली.
आणि तिसऱ्या लाटेच्या ऐन माथ्यावर मामाची खाच. सरांनी फोनवर खाचेची वेळ विचारली. मग, "मॅडम, पुढच्या ढगाची वाट बघा." एवढंच.
खूप राग आला. कुणाचा ते ठरवता आलं नाही. मामा घरी पोचला एवढं कळलं, आणि झोप लागली.

१ एप्रिल
माझ्या जिभेला हाड नाही. मामीशी बोलता बोलता सगळं सांगून बसले. मामानं तिच्या हातातून फोन घेतला.
"आधी काऊन नाई सांगतलं?"
तुम्ही कुऱ्हाड ठेवून गेला असतात म्हणून, म्हटलं.
"तू एकटीच वाट पाहून राह्यली काय? मी बी पाहून राह्यलो ना."
माझी आण घातली, कुऱ्हाड सोडायची नाही. "पाहू," म्हणाला. आता कधी ढग येणार ते विचारलं. माहीत नाही म्हटलं. तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

६ एप्रिल
नवा ढग. उद्याच. गेल्या वेळेपेक्षा मोठा म्हणतात. नेमकी शेतातली बॅटरी कमजोर, आणि रविवार असूनही मला परीक्षेच्या तयारीची ड्युटी. उद्या मोठा ढग येतोय म्हटल्यावर रफिकभाऊ दुकान पोराच्या हवाली करून गेले आणि बदलून आले. भला माणूस. मामाला मी काही कळवलेलं नाही. खाच पडली तर पडो. जूनचं जूनमध्ये बघू. मला आता झोप हवी आहे, बाकी काही नको.

७ एप्रिल
सकाळची खाच नाही.
मामीला फोन, लागत नाही. मोह वेचायला गेली असेल, तिकडे टॉवर नाही. मामाचा नुसता वाजतो, पण तो फोन घरी खुंटीला टांगूनच जातो. आज घरी राहिला असेल म्हटलं. ड्युटीवर एका मुलानं पुरवणी मागितली, तीन वेळा मागावी लागली त्याला.
दुपारी धक्का. घरी येऊन उघडलं. लाटा एकीमागून एक, गोल, पुस्तकात काढतात तशा. किती ते मोजलं नाही.
संध्याकाळची खाचही नाही.
रफिकभाऊंच्या दुकानात गेले, मामा काल काय म्हणाले विचारायला. हसत म्हणाले, "मामा लई खूश झाले ना मॅडम. मी सांगतलं त्याईले, उद्या तुमच्या भाचीचा मोठा दिवस हाय. म्हणे, मंग उद्या लोखंड बंद."
माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. मामाच्या गावी निघायला गाडीत पेट्रोल भरून आणायला गेलेत, येईपर्यंत त्यांच्या काउंटरवर बसून लिहिते आहे. मामीला परत लावला. वाजतसुद्धा नाही.
सरांचा मेसेज आलाय. 'अप्रतिम. एकही खाच नाही. अभिनंदन.' उत्तर दिलेलं नाही. गाडीचा आवाज येतो आहे.