ढगांचा काही दोष नव्हता

अहो,
पावसाळाभर तुम्ही ढगांच्या नावाने खडे फोडलेत. "समुद्रकाठी या दिवसांत ऊनच नसतं, सोलरची वीज येणार कुठून?" म्हणत माझ्या शिलाई मशीनची मोटर काढून ठेवलीत. पायाने मशीन मारून मारून माझे गुडघे कामातून गेले.

आज कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर पॅनलवर ताडपत्री! दोरीच्या गाठी तुमच्याच. रिमोटला पिशवी घालता तसे तेही खाऱ्या वाऱ्यापासून झाकलेत ना? अहो, ढगांतून थोडं तरी ऊन येतं, ताडपत्रीतून कसं येणार?

मोटर पुन्हा जोडली आहे. तिला हात लावायचा नाही. मी आज ताईकडे झोपणार आहे.

ताडपत्री तुमच्या गादीवर घट्ट बांधली आहे. तिलाही खारा वारा लागायला नको.