तंबू तुझाच आहे

यामल, ५ डिसेंबर

सावोने,

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे, कळप बरा आहे, थंडी नेहमीसारखीच. तुझा खोकला उतरला असेल असं धरून चालतो.

तुझ्याशिवाय आमचे काय हाल झाले ते विचारू नकोस. पहिल्या मुक्कामाला रेनडियर सोडले नि सवयीने चहाची वाट बघत बसलो, तेव्हा ध्यानात आलं, तंबू उभारणारी बाई शहरात दवाखान्यात आहे. मग मीच बर्फ तुडवलं, झोपायच्या फळ्या मांडल्या, दांड्या उचलल्या. शेजारच्या बायका तोंडावर हात धरून हसत होत्या. आई स्लेजवरून म्हणाली, "चाळीस वर्षं त्याखाली घोरतोयस, कधी वर पाहिलं नाहीस का रे?" खरंच पाहिलं नव्हतं. आधी कोणत्या दोन दांड्या बांधायच्या तेच मला ठाऊक नव्हतं. वाऱ्याने सगळं चुलीवर आणून टाकलं.

तू लिहितेस, माझ्यावाचून तुमचं अडत असेल, वसंतात न्यायला ये. अडतंय गं, फार अडतंय.

ही वरची ओळ खोटी आहे. कागद एकच आहे म्हणून खोडत नाही.

तिसऱ्या मुक्कामापासून तंबू हादने उभारते. आपली अठरा वर्षांची पोर, तुझ्यासारखीच दातांत वादी धरून गाठ मारते. मी कळपाचं आवरून येईस्तोवर चूल पेटलेली असते. सगळे तिचं कौतुक करतात. मला मात्र बघवेना. परवा सकाळी ती पाण्यासाठी बर्फ आणायला गेली, तेव्हा मीच मागची वादी सोडली. कातडं उडालं, आईच्या अंगावर बर्फ पडलं. हादनेने परत बांधलं आणि म्हणाली, "आबा, तंबू पडला की आई येईल, असं वाटतं का तुम्हाला?"

तुला दवाखान्यात सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. तुझी फुप्फुसं आता चुलीचा धूर नि ही थंडी सोसणार नाहीत. वसंतात नाही, पुढेही नाही. शहरात राहिलीस तर खूप वर्षं जगशील. तुला सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी तोंड चुकवून निघून आलो. तिकडे येऊन राहावं, तर आई नि कळप कुणावर टाकू? रोज विचार करतो, काही सुचत नाही.

तुझ्या बाजूच्या फळ्या हादने दर मुक्कामाला मांडते. मी तिला तसं करायला सांगितलेलं नाही. त्यांवर कोणी झोपत नाही.

तुझ्या तंबूत राहणारा,
यैको